सत्तराव्या अक्षांशावरची संकष्टी

सिंगापूरला डोंगर नाहीत. बुकित तिमा नावाचं जे काही आहे त्याला तिथले लोक डोंगर म्हणतात. त्यावर जायला डांबरी रस्ता आहे आणि माथ्यावर पोचलं की पाटीशेजारी उभं राहून फोटो काढायला रांग लावावी लागते. अशा देशात अकरा वर्षं काढलेला माणूस आर्क्टिकमधला डोंगर चढायला निघाला, हे ऐकून कुणाला हसू आलं तर येऊ द्या. निशिकांत सबनीसला त्या वेळी आलं नाही, एवढीच त्याची चूक.

कल्पना मुळात त्याची नव्हती, बायकोची होती. लग्नाला पंचवीस वर्षं होणार म्हणून त्याने सविताला विचारलं, कुठे जायचं. विचारताना त्याच्या डोक्यात बाली होतं आणि बालीत खुर्चीत पडून नारळपाणी पिणारा तो स्वतः होता. सविता इस्त्री करत होती. मान वर न करता ती म्हणाली, "जिथे घाम येत नाही तिथे. आणि मला चालायचंय. बसून बघायचं नाही."

त्यांची मुलगी मैत्रेयी ज्युनिअर कॉलेजात आहे, म्हणजे ती घरी असली तरी फोनमध्ये असते. तिने तिथूनच नॉर्वेच्या उत्तर किनाऱ्याचे फोटो बाहेर काढले. समुद्रातून सरळ उभे राहिलेले काळे डोंगर. न्याहारी करून चढायचं, जेवायला खाली. जूनमध्ये सूर्य मावळतच नाही, त्यामुळे अंधार पडायची भीती नाही. निशिकांतने फोटो पाहिले आणि म्हणाला, हे काय, कॉलेजात असताना आम्ही असले रोज चढायचो. मराठी माणसाने कॉलेजात चढलेल्या किल्ल्यांची संख्या चाळिशीनंतर दरवर्षी वाढत जाते. निशिकांतची बावन्नाव्या वर्षी सदतीसवर आली होती. त्यातले खरे चार, आणि एकावर एसटी जाते.

पण हे सगळं नंतरचं. आधी पीआरचं सांगायला हवं, कारण डोंगर वगैरे निमित्त होतं, माणूस अडकला होता तो पीआरमध्ये.

निशिकांत जुरोंग आयलंडवरच्या एका केमिकल प्लांटमध्ये सेफ्टी मॅनेजर. हौगांगच्या घरून पहाटे कंपनीच्या बसने जायचं, गेटवर पास दाखवायचा, आणि दिवसभर लोकांना हेल्मेट घाला म्हणून ओरडायचं. देशात तो एम्प्लॉयमेंट पासवर, सविता आणि मैत्रेयी त्याच्या पासाला लटकलेल्या डिपेंडंट पासवर. नोकरी गेली की तिघांनी बॅगा भरायच्या. म्हणून त्याने कायम राहण्याच्या परवान्यासाठी, म्हणजे पीआरसाठी, अर्ज केला. नाकारला. परत केला, परत नाकारला. तिसऱ्यांदाही तेच, आणि कारण कुणी देत नाही. मुलीकडच्यांनी स्थळ नाकारावं तसं सरकार नाकारतं, विनम्रपणे. चौथ्या वेळी त्याने अर्ज केला आणि शिवाय शिरीष नावाच्या मित्राकडे गेला.

शिरीष हा हार्बरफ्रंटच्या एका शिपिंग कंपनीत हिशेब बघतो, आता सिंगापूरचा नागरिक आहे, आणि नागरिक झाल्यापासून त्याला सगळं कळतं. त्याने सांगितलं की अर्जाबरोबर संकष्टी धर. मी धरली, चौथ्या महिन्यात काम झालं. दिवसभर पाणी आणि चहा, साबुदाणा नाही, साबुदाण्याने काम लांबतं. निशिकांत स्वतःला विज्ञाननिष्ठ समजतो. त्याने शिरीषची यथेच्छ टिंगल केली आणि पुढच्या चतुर्थीला उपास धरला.

इथे त्याचा स्वभाव आडवा आला. सिंगापुरात चतुर्थी सोडणारे बहुतेक जण ॲपवर चंद्रोदयाची वेळ बघतात आणि ताटावर बसतात. काही जण तर पुण्याचा चंद्रोदय धरतात. निशिकांतला हे पटेना. प्लांटवर त्याचा एकच नियम होता, मीटरवर विश्वास ठेवायचा नाही, जाऊन डोळ्यांनी बघायचं, मगच सही. तोच नियम त्याने गणपतीला लावला. समोरच्या ब्लॉकच्या पाण्याच्या टाकीमागून चंद्र वर येईपर्यंत तो बाल्कनीत उभा राहायचा, ढग असले की खाली उतरून बसस्टॉपपर्यंत जायचा. एकदा शिरीषच्या घरी पंधरा माणसांत तो म्हणाला की चंद्र न बघता जेवणं याला उपास म्हणत नाहीत, उशिरा जेवणं म्हणतात. शिरीषची बायको क्षिप्रा तेव्हा मोदक वाढत होती. तिने त्याच्या पानात एकच वाढला.

दुसऱ्या महिन्यापासून सवितानेही उपास धरला. त्याने सांगितलं नव्हतं. त्याला भरून आलं. बसमध्ये शेजारी बसणाऱ्या तमिळ इंजिनिअरला त्याने हिंदीत सांगितलं की बायको असावी तर अशी, माझ्या पीआरसाठी उपाशी राहते. तो इंजिनिअर झोपला होता.

आता तयारी. निशिकांतने नॉर्वेसाठी ब्लॉकच्या जिन्यावर सराव सुरू केला. पाठीवर रकसॅक, त्यात वजनासाठी तांदळाची दहा किलोची पिशवी, पायांत नवे बूट. शेजारचे कोह अंकल दारात बसून बघायचे. पहिल्या दिवशी त्यांनी सांगितलं की लिफ्ट चालू आहे. दुसऱ्या दिवशीही सांगितलं. तिसऱ्या दिवशी त्यांनी सविताला बाजूला घेऊन विचारलं की त्याची नोकरी गेली का, लाजू नको, सांग. सल्ले सगळीकडून येत होते. मराठी मंडळाच्या ग्रुपवर कुणी लिहिलं, अस्वलं असतात, शिट्टी न्या. शिरीष क्रूझवरून नॉर्वे बघून आला होता, म्हणजे काचेच्या आतून, बुफे खात. तो म्हणाला, त्या डोंगरांत काही नाही रे, लांबूनच बरे दिसतात.

एका रविवारी बाराव्या मजल्यावर तांदळाची पिशवी फाटली. रकसॅकची चेन आधीच उघडी होती. निशिकांत दम खायला कठड्याला पाठ टेकून उभा होता, आणि तांदूळ त्या कठड्यावरून सरळ खाली गेला. बासमती होता. खाली हिरवळीवर पाच मिनिटांत हौगांगची सगळी कबुतरं जमली. हौगांगची पुरली नाहीत म्हणून शेजारच्या सेरांगूनचीही आली असावीत.

सिंगापुरात कबुतरांना खायला घालणं हा गुन्हा आहे. वरून वस्तू खाली टाकणं हाही गुन्हा आहे. निशिकांतने एका फाटक्या पिशवीत दोन्ही केले. दोन दिवसांनी गणवेशातला एक तरुण दारात आला. अतिशय सभ्य होता, त्यामुळे जास्त भीती वाटली. त्याला निशिकांतने इंग्रजीत समजावलं की मी पक्ष्यांना घालत नव्हतो, मी तो तांदूळ पाठीवर घेऊन वर चढत होतो. का? नॉर्वेसाठी. नॉर्वेत तांदूळ मिळत नाही का? मिळतो, पण हा तिकडे न्यायचा नव्हता. मग वर कशाला नेत होता? खाली आणण्यासाठी. तरुणाने हे सगळं लिहून घेतलं. मैत्रेयी आतून म्हणाली, "बाबा, just say sorry lah."

तो सॉरी म्हणाला. पहिलीच वेळ म्हणून समज देऊन सोडलं. पण त्या दिवसापासून निशिकांतची झोप उडाली. हे त्यांच्या रेकॉर्डवर गेलं असेल का? पीआरवाल्यांना दिसेल का? अकरा वर्षं ज्याने रिकाम्या रस्त्यावरही हिरवा दिवा लागल्याशिवाय पाऊल टाकलं नाही, त्याच्या नावापुढे आता कबुतरं. त्याने संकष्टी आणखी कडक केली, चहाही सोडला. सवितानेही सोडला. त्याला वाटलं, बघा.

मग व्हिसावाल्यांनी सांगितलं की परत आल्यावरही पासाची मुदत बरीच शिल्लक हवी, तुमचा पास तर त्याआधीच संपतो. कंपनीच्या एचआरला पास लवकर नवा करायला सांगितलं. एचआरमधली बाई म्हणाली, नोकरी सोडून जाताय का? नाही, डोंगरावर जातोय. ती म्हणाली, तेच म्हणते. शेवटी पास झाला, व्हिसा झाला, तिकिटं पैसे परत न मिळणारी काढली, आणि तेव्हा सविता कालनिर्णय बघून म्हणाली, "अहो, मधे संकष्टी येतेय. तिकडचा चंद्रोदय किती वाजता ते बघून ठेवा."

निशिकांत हसला. तिथे चोवीस तास उजेड आहे, तो म्हणाला, उजेडात चंद्र दिसणार नाही तर काय दिसणार.

ज्या माणसाने जन्मभर दुसऱ्यांच्या धोक्यांच्या याद्या केल्या, त्याने आपल्या घरच्या एकुलत्या धोक्यावर असं वाक्य टाकलं.

नॉर्वेत पोचल्यावर त्याला पहिला धक्का बसला तो कठड्याचा. कठडा नव्हता. ट्रोम्सो शहरापासून दोन फेरीबोटी बदलून ते एका बेटावर गेले. तिथे घरामागूनच डोंगराची वाट सुरू होत होती, आणि त्या वाटेवर, जिथे एका बाजूला खडक आणि दुसऱ्या बाजूला थेट समुद्र, तिथे कठडा नाही, दोर नाही, पाटी नाही, पहारेकरी नाही. पडलात तर पडलात. पहिल्या दिवशीच्या छोट्या चढावर तो प्रत्येक दगडापाशी थांबून दोघींना पाय कुठे टाका ते सांगत होता. मागून चार वर्षांचं एक पोर आलं, नाक पुसत पुढे निघून गेलं. त्यामागे त्याची आजी, हातात विणकाम. निशिकांतने तिला सांगायचा प्रयत्न केला की मुलाला पुढे सोडू नका. आजी गोड हसली. तिला वाटलं तो नमस्कार करतोय.

सविता मात्र चालत होती. वाऱ्यात ओढणी कानाला गुंडाळून, शेवाळावरून, बर्फाच्या उरलेल्या पट्ट्यांवरून, मेंढ्यांना बाजूला सारत. घाम येत नव्हता. तिचा चेहरा असा मोकळा त्याने फार वर्षांत पाहिला नव्हता. कारण त्याने विचारलं नाही. त्याला वाटलं, हवा.

तिसऱ्या दिवशी संकष्टी. सकाळी त्याने ॲप उघडलं. सूर्योदयासमोर आडवी रेघ होती, ती अपेक्षित होती. सूर्यास्तासमोर रेघ, तीही. चंद्रोदयासमोर रेघ. त्याने फोन बंद करून चालू केला. रेघच. मग तो घरमालकिणीकडे गेला. ती सत्तरीची बाई लाकडं फोडत होती. चंद्र इथे कुठल्या बाजूने उगवतो, त्याने विचारलं.

तिने कुऱ्हाड थांबवली आणि जरा विचार केला. "चंद्र? तो हिवाळ्यात असतो."

निशिकांत तिथेच ओंडक्यावर बसला. बाईने दयेने सांगितलं की उन्हाळ्यात या दिवसांत तो क्षितिजाच्या वर येतच नाही, कुणाला त्याची गरजही पडत नाही. गरज. त्याच्या आख्ख्या घराचं भवितव्य त्या चंद्रावर टांगलेलं आणि ही म्हणते गरज पडत नाही.

पुण्याचा चंद्रोदय धरता आला असता. पण पंधरा माणसांसमोर स्वतः बोललेलं वाक्य त्याच्या आड येत होतं. मग त्याच्यातल्या इंजिनिअरने मार्ग काढला. जितकं उंच जावं तितकं क्षितिज खाली जातं. इथून नाही दिसत, माथ्यावरून दिसेल. बेटावरचा सर्वांत उंच डोंगर समोरच होता. सविता नुसतं "चला" म्हणाली. मैत्रेयीने डब्यात स्वतःसाठी थालिपीठं आणि दोघांसाठी सविताने हौगांगहून तळून आणलेले मोदक घेतले.

तो चढ निशिकांत आयुष्यात विसरणार नाही, आणि सदतीस किल्ल्यांत तो मिळवायचीही त्याची हिंमत होणार नाही. पोटात सकाळपासून पाणी. अर्ध्यावर तो दर दहा पावलांनी थांबायला लागला. वर पोचले तेव्हा संध्याकाळचे सात वाजले होते आणि ऊन दुपारचं होतं. खाली समुद्र, समुद्रात बेटं, बेटांवर बर्फ, सगळ्याच्या पलीकडे स्वच्छ रेघेसारखं क्षितिज. जगातली ही एवढी जागा त्याने एका नजरेत कधी पाहिली नव्हती, आणि तीत चंद्र नव्हता. त्याने चारही दिशा तपासल्या. मग परत तपासल्या.

मैत्रेयी खडकाआड बसून थालिपीठ खात होती. त्याचा वास वाऱ्याबरोबर येत होता. आणि समुद्रावरून धुकं उठायला लागलं होतं.

सेफ्टीवाला जागा झाला. उपाशी दोन माणसं, धुकं, कठडा नाही. प्लांटवर असं दिसलं असतं तर त्याने काम तिथेच बंद पाडलं असतं. तो सविताला म्हणाला, "तू खाऊन घे. व्रत माझं आहे, अर्ज माझा आहे. तू माझ्यासाठी खूप केलंस."

सविता दगडावर बसली होती. तिने बुटांची नाडी बांधली, सावकाश, दोन्ही पायांची. मग म्हणाली, "मी तुमच्यासाठी नाही करत."

"म्हणजे?"

"पीआर मिळू नये म्हणून करते."

वारा होता, पण त्याला नीट ऐकू आलं होतं. तरी त्याने परत विचारलं आणि तिने परत तेच सांगितलं, त्याच आवाजात, चटणी संपलीय सांगावं तसं. सविता दातांची डॉक्टर. चिंचवडला तिचा दवाखाना होता, बाहेर बाकावर माणसं बसायची. तिची डिग्री सिंगापुरात चालत नाही, पीआर मिळालं तरी चालणार नाही. पाच वर्षं म्हणाला होतास ना, तिने विचारलं. रागात तिने त्याला पंचवीस वर्षांत पहिल्यांदा अरे-तुरे केलं होतं आणि ते तिच्याही लक्षात आलं नाही. पाचाची अकरा झाली. दर वेळी तुझा अर्ज नाकारला की मी आत जाऊन देवापुढे साखर ठेवायचे. दवाखान्यातली खुर्ची अजून भावाच्या गॅरेजमध्ये आहे, प्लास्टिक घालून. माझ्या कार्डावर काय छापलंय ते वाचलंस कधी? डिपेंडंट. अकरा वर्षं रोज पर्समध्ये घेऊन फिरते.

एकाच घरातून, एकाच देवापुढे, एकाच दिवशी, एकाच बाल्कनीत शेजारी उभे राहून ते दोघं एकमेकांच्या उलट मागत होते, आणि वर तो बसमध्ये लोकांना सांगत होता. आधी त्याला तिचा राग आला. मग गणपतीचा, की दोन्ही उपास घेतलेस कसे. मग तिचा दवाखाना आठवायचा प्रयत्न केला तर त्याला दाराचा रंग आठवेना. त्याचा राग सगळ्यांत जास्त आला.

"म्हणजे आता जो आधी खाईल त्याचं व्रत मोडलं," तो म्हणाला.

"हो," सविता म्हणाली.

दोघं बसले. धुकं पहिल्या बेटावर आलं, दुसऱ्यावर आलं. मैत्रेयीने सगळं ऐकलं होतं. ती डबा घेऊन आली, म्हणाली "you two very siao, seriously," म्हणजे ठार वेडे, आणि दोघांच्या हातात एकेक मोदक ठेवला. दोघांनी एकाच वेळी खायचं, मग कुणाचंच मोडणार नाही किंवा दोघांचं मोडेल, मॅटर क्लोज. ती तीन म्हणेल. दोघांनी मान हलवली.

"वन, टू, थ्री."

दोघांचेही हात तोंडाशी गेले. दोघांनीही तोंड उघडलं. कुणीही खाल्लं नाही. पंचवीस वर्षांच्या संसारात दोघांना एकमेकांबद्दल एवढी खात्री पटलेली होती.

सविताचे ओठ निळसर दिसत होते. निशिकांतने क्षितिजाकडे शेवटचं पाहिलं आणि मोदक तोंडात टाकला, आख्खा. त्याग वगैरे म्हणायचं असेल त्याने म्हणावं. बायकोचे ओठ बघवले नाहीत हे खरं, आणि भूक सहन होईना हेही खरं. दोन्हींतलं कुठलं आधी, ते त्यालाही सांगता येणार नाही. नारळाचं सारण जिभेवर आलं तेव्हा त्याच्या डोळ्यांत पाणी आलं. चौथा अर्ज, तो मनात म्हणाला, गेला.

सविता जवळ आली. त्याची हनुवटी धरली.

"आ करा."

त्याने केला. आर्क्टिकच्या त्या उघड्या माथ्यावर, उन्हाकडे त्याचं डोकं वळवून, तिने त्याचं तोंड आतून नीट तपासलं. उजवी बाजू, डावी बाजू, जीभ वर करा. अकरा वर्षांनी ती पेशंट बघत होती आणि घाई करत नव्हती. गिळल्याची खात्री झाली तेव्हा तिने हनुवटी सोडली. वरची डावी दाढ भरायला हवी, म्हणाली.

"आता तू खा," निशिकांत म्हणाला.

"मी कशी खाऊ? चंद्र कुठे दिसलाय?" सविताने आपला मोदक परत डब्यात ठेवला, रकसॅक पाठीला लावली आणि धुक्याच्या आधी उतरायला लागली, कठडा नसलेल्या वाटेवरून, मागे न बघता.

निशिकांतचं तोंड अजून उघडंच होतं. मैत्रेयीने डब्याचं झाकण लावलं.

"बाबा, नेक्स्ट मंथपासून मी पण धरणार."

"काय धरणार?"

"उपास."

तिचे सगळे मित्र हौगांगात होते. पण मागच्याच आठवड्यात ती मेलबर्नला शिकायला जाण्याचं काहीतरी म्हणाली होती, आणि तेव्हा तो बुटांना मेण लावत होता. आता त्याने तिच्याकडे नीट पाहिलं आणि घाबरत विचारलं, "कशासाठी?"

"सांगितलं तर वर्क होत नाही, right?" ती म्हणाली, आणि आईच्या मागे निघाली.